दोऱ्याचं मेण

आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची एक डबी असे. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कुंकू लावायचं, म्हणजे ते दिवसभर जागचं हलत नसे. हे मेण तेल घालून मऊ केलेलं. पेटीच्या कोपऱ्यात मात्र कडक, पिवळट मेणाचा एक वेगळा खडाही असायचा. त्यावर बारीक चरे पडलेले असत. गोधडी शिवायला बसली की आजी दोरा सुईत ओवण्याआधी त्या खड्यावरून ओढून घ्यायची. मी भरतकाम शिकले ते खूप नंतर, शहरात, आणि तिथे मला कुणी मेणाचं नावही सांगितलं नाही. असं का झालं, याचा माग काढताना या खड्याची कुळकथा हाती लागली.

‘मेण’ हा शब्दच जुना आहे. संस्कृतात मेणाला ‘मदन’ म्हणत, प्राकृतात त्याचं ‘मयण’ झालं आणि मराठीत ‘मेण’. संस्कृतातलं दुसरं नाव मला अधिक आवडतं: मधूच्छिष्ट, म्हणजे मधाचं उष्टं. मध काढून घेतल्यावर पोळ्याचं जे उरतं ते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाचा नमुना करून धातूच्या मूर्ती ओतण्याची कृती आहे आणि तिलाही याच शब्दाने ओळखतात. मूर्तिकाराच्या मेणाला ग्रंथात जागा मिळाली. शिवणाऱ्यांचं मेण हातातून हातात गेलं, त्याला ग्रंथाची गरजच पडली नाही.

मेण दोऱ्याला करतं काय? सुती दोरा म्हणजे जेमतेम इंच-सव्वा इंच लांबीच्या तंतूंना दिलेला पीळ. हातभर दोऱ्याने बारीक टाके घालत गेलं तर सुईजवळचा भाग साठ-सत्तर वेळा कापडातून आरपार जातो. दर वेळी कापड त्याला घासतं, तंतूंची टोकं उभी राहतात, दोरा पिंजतो आणि ही उभी टोकंच एकमेकांत अडकून गुंता करतात. मेण ही टोकं खाली बसवतं, पीळ धरून ठेवतं आणि दोऱ्याला थोडा चिकटपणा देतं. हा चिकटपणा महत्त्वाचा. ओढून घातलेला टाका मेणामुळे तिथेच राहतो, सैल पडत नाही. चांभार आपल्या दोऱ्याला राळ आणि मेण लावतो, शिडं शिवणारे सुतळीला मेण लावत, ते याचसाठी.

युरोपात मेणाचा हा पसारा चर्चच्या आधाराने वाढला. देवापुढे मधमाश्यांच्या मेणाचीच मेणबत्ती हवी आणि गरिबाच्या घरी चरबीची, अशी तिथली रीत. लंडनमधल्या मेणबत्ती करणाऱ्यांच्या संघाला 1484 मध्ये राजाची सनद मिळाली, भरतकाम करणाऱ्यांच्या संघाला 1561 मध्ये. जळून उरलेलं मेणबत्तीचं टोक शिवणाऱ्या बाईच्या पेटीत पडायचं. डिकन्सच्या 1849-50 मध्ये आलेल्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये पेगटी या प्रेमळ दाईजवळ असाच मेणबत्तीचा तुकडा आहे, दोऱ्याने चहूबाजूंनी सुरकुतलेला. तो वाचला तेव्हा मला थेट आजीचा खडा दिसला. श्रीमंत घरांत याच खड्याला दागिन्यासारखं सजवत. हस्तिदंताच्या किंवा शिंपल्याच्या दोन चकत्या आणि मधे मेणाची टिकली, अशी नाजूक वस्तू शिवणपेटीत ठेवलेली असे.

त्याच सुमारास मेणबत्ती मात्र बदलू लागली. 1830 मध्ये रायखेनबाख या जर्मन रसायनज्ञाने पॅराफिन वेगळं काढलं, 1850 मध्ये जेम्स यंगने ते कोळशापासून काढण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे बाजारातली साधी मेणबत्ती पॅराफिनची झाली. आज आपण दोऱ्याला घासतो ती हीच. पॅराफिन ठिसूळ असतं. त्याचे पांढरे कण दोऱ्यावरून गळतात आणि चिकटपणा जवळजवळ नसतो. ‘मेण लावून पाहिलं, फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आधी विचारते, मेण कसलं?

मेणाला खरा धक्का दिला तो चकाकीने. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने सुती कापड दाहक सोड्यात बुडवण्याची प्रक्रिया शोधली होती. 1890 मध्ये होरेस लोव्हने तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केली आणि कापसाला रेशमासारखी झळाळी आली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली अँकरची सहा पदरी लडी अशाच सुताची. या दोऱ्याला मेण लावलं की झळाळी मरते, रंग मळकट दिसतो आणि सुटे पदर एकमेकांना चिकटतात. साटीन टाक्याचं सगळं सौंदर्य पदर शेजारी शेजारी पसरण्यात असल्याने लडीच्या भरतकामातून मेण बाहेर गेलं, हे योग्यच झालं. पण त्याबरोबर ते शिकवण्यातूनही गेलं, याचं मला वाईट वाटतं.

मग रेयॉन आलं आणि 1946 च्या सुमारास लुरेक्ससारखे चकचकीत धातूरंगी धागे. या दोऱ्यांची अडचण उलटी. ते पिंजत नाहीत, ते उसळतात, वळतात आणि सुईच्या नेढ्यापाशी सोलून निघतात. त्यांना धरून ठेवणारं नको, सुळकन सोडणारं काहीतरी हवं. ‘थ्रेड कंडिशनर’ आला तो इथे. तो बहुधा सिलिकोनचा असतो, छोट्या डबीत मिळतो आणि दोरा बुळबुळीत करतो. ‘थ्रेड हेवन’ नावाचा त्यातला एक इतका लाडका होता, की तो बनणं बंद झालं तेव्हा भरतकाम करणाऱ्या बायकांनी उरलेल्या डब्या जपून ठेवल्या. मेण आणि कंडिशनर यांना एकाच कामाची दोन साधनं समजतात, तिथेच चूक होते. एक पकड देतं, दुसरं पकड काढून घेतं.

जरीच्या कामात मात्र मेण कधी हटलं नाही. रेशमाच्या गाभ्यावर सोन्याची पट्टी गुंडाळलेली कलाबतू कापडातून वारंवार ओढली तर फाटते, म्हणून ती वर मांडून बारीक टाक्यांनी बांधतात. धातूची कड तो बांधणारा दोरा सतत कापत असते आणि तिथे मेणाचं कवच लागतं. 1872 मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कमध्ये जरकामाचा दोरा मेण लावूनच घेतात. 1953 मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा जांभळा झगा याच संस्थेच्या बारा जणींनी साडेतीन हजारांहून अधिक तास खपून भरला, अठरा प्रकारचे सोनेरी धागे वापरून.

मागच्या महिन्यात मी खणाच्या ब्लाउजच्या गळ्याभोवती कलाबतू बांधली. आजीचा खडा आता लिंबाएवढाही उरलेला नाही. बारीक दोरा त्यावरून दोनदा ओढला, बोटांच्या चिमटीतून निपटून जास्तीचं मेण काढलं, कागदाच्या घडीत ठेवला आणि वरून इस्त्री फिरवली. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे इस्त्री कोमट असली तरी पुरते. मेण आत मुरलं, दोरा ताठ झाला आणि कागदावर एक पिवळसर रेघ उमटली.