ठासणीच्या दुनळीचा सौदा

जोयडा तालुक्यातील दिग्गी म्हणजे काळी नदीचे माहेर. ह्याच परिसरातील डोंगरात उगम पावून ती पुढे कारवारपाशी समुद्राला मिळते. पश्चिमेस गोव्याची हद्द, चोहोकडे रान, आणि रानाच्या कुशीत कुणब्यांची भाताची खाचरे व कंदांची लागवड. कोनफळ, काटेकणंग वा सुरण माणसाला जितका प्रिय तितकाच रानडुकराला आणि साळिंदरालाही. अशा मुलखात जुनी ठासणीची दुनळी विकत घेणे हा व्यवहार शहरवासीयांस वाटतो तसा हौसेचा नव्हे. तो पीक राखण्याचा आहे.

ही बंदूक मागे का उरली, हे पाहण्याजोगे आहे. फॉर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने 1807 साली आघाताने पेट घेणाऱ्या मसाल्याच्या चापाची सनद घेतली. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली, आणि तोड्याची वात व गारगोटी दोन्ही मागे पडल्या. परंतु 1851 च्या लंडन प्रदर्शनात लफोशे ह्या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरावयाची बंदूक मांडली गेली, आणि त्यानंतर काही दशकांतच विलायतेतील शिकाऱ्यांनी ठासणीच्या बंदुका टाकून दिल्या. काडतूस मात्र शहरातून आणावे लागते. ठासणीच्या बंदुकीस सुटी दारू, छर्रे, टोप्या आणि काथ्याचा वा चिंध्यांचा बोळा एवढे पुरे. विलायतेत जी अडगळ ठरली, तीच रानात सोयीची ठरली.

मात्र सौदा केवळ दोन माणसांत उरला नाही. 1858-59 मध्ये सुप्याच्या रानात फडणीस बंधूंचे बंड उठले. त्यात सिद्दी बास्त्यांवही होता. शस्त्रांवर नजर ठेवणारा 28 वा कायदा त्याआधीच, 1857 साली, झालेला होता. नंतर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा शस्त्र कायदा आला. युरोपियनांस त्याच्या नियमांत सूट आणि एतद्देशीयांस परवाना, असा हा उघड पक्षपात होता. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला तो उगाच नव्हे. तथापि त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक पळवाट नव्हे, तर सरळ वाट होती. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक खाजगी माणसाला विकता येई. मात्र घेणाऱ्याचे नाव व ठिकाण विनाविलंब जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास किंवा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास कळवावे लागे. म्हणजे लोखंड ज्याच्या हाती गेले त्याचे नाव सरकारी दप्तरी चढलेच पाहिजे.

आता घेणाऱ्याने काय पाहावे? दस्त्यावरील नक्षीस भुलू नये. प्रथम घोड्याखाली टोपी नाही ह्याची खात्री करावी, मग गज एकेका नळीत सोडावा आणि तो किती आत गेला हे बाहेरून ताडून पाहावे. गज बुडापर्यंत न पोहोचल्यास आत जुना बार असण्याचा संभव असतो. मालक वारल्यावर घरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बंदुकीत असा बार निघणे मुळीच नवलाचे नाही. दोन्ही नळ्या रिकाम्या ठरल्या म्हणजे त्या दस्त्यावरून सुट्या करून टांगाव्या व हलकेच ठोकाव्या. स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी घट्ट, भद्द आवाज आला तर जोड सुटलेला. खालच्या बाजूस बर्मिंगहॅम वा लीएज येथील परीक्षागृहाचे ठसे आढळल्यास उत्तम. सर्वांत घातक तो गंज. दारूची राख ओल ओढून घेते, आणि ह्या डोंगरातील पावसाळा तर प्रसिद्धच आहे. नळीच्या बुडाशी खड्डे पडले असतील तर फुकटातही ती बंदूक घेऊ नये.

दुनळीत आणखी एक धोका असतो, आणि प्रामाणिक विक्रेत्याने तो सांगावयास हवा. उजवी नळी उडाली की तिच्या धक्क्याने डावीतला बोळा पुढे सरकतो. दारू व छर्रे ह्यांत पोकळी राहते आणि पुढच्या बाराला नळी फाटू शकते. घाईत दोन्ही बार एकाच नळीत ठासले जातात, तेही असेच. एकनळी घेतलेला शेतकरी ह्या फंदात पडत नाही. माझ्या मते पीकराखणीस तीच बरी.

स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने ह्या जुन्या बंदुकीस एक वेगळाच मान दिला. पीकरक्षणासाठी खराखुरा उपयोग करणाऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे तेराव्या कलमात नाव घेऊन म्हटले आहे. ती अपुरी पडते अशी खात्री पटली, तरच दुसरी बंदूक. गरिबाच्या हाती सावकाश भरली जाणारी बंदूकच असलेली बरी, असा हा हिशेब दिसतो. परवान्यावरची ‘डी.बी.एम.एल.’ ही चार अक्षरे त्यामुळे टिकली. विक्रीची रीत मात्र पुढील दुरुस्तीने कडक झाली. आता विकण्याचा इरादा आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर जनावर मारण्याची मुभा फारच आकसली. बंदूक बहुधा बार काढून भिववण्यापुरती उरली. कोंकणीत त्या बाराला ‘फार’ म्हणतात.

म्हणून आज गिऱ्हाईक दुर्मिळ, आणि वारसांची अडचण मोठी. बाप वारला की मुलाच्या नावे परवाना होईतो बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. पावसाळे जातात. पुढे कागद झाले आणि ती घरी परत आली, की उंबरठ्यावरच आधी गज सोडून पाहावा लागतो.