स्वस्त तबकडी आणि बिननावाचे गळे

जुन्या बाजारात हिंडण्याचा आम्हांस नाद आहे, आणि संघटनेच्या कामात तीस वर्षे घालविल्यामुळे कोणतीही वस्तू हाती आली की ती उलटून पाहण्याची खोडही जडली आहे. वस्तू कोणी घडविली, कोठे घडविली, हे पुष्कळदा तिच्या पाठीवर लिहिलेले असते. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात एक इंग्लिश तबकडी आमच्या हाती आली. वेष्टनावर तोकड्या कपड्यांतील एक हसरी तरुणी, मोठ्या अक्षरांत 'टॉप ऑफ द पॉप्स' हे नाव, आणि डझनभर गाजलेल्या गाण्यांची यादी. उलटून पाहिले. कंपनीचे नाव होते, क्रमांक होता, इंग्लंडात तयार झाल्याचा उल्लेख होता. मधल्या चकतीवर गाणी रचणाऱ्यांची नावे बारीक अक्षरांत कंसात होती. गाणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नव्हते. वाजविणाऱ्याचे तर नव्हतेच. एवढी डझनभर गाणी काय आपोआप झाली?

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे असा प्रश्न पडला की तो पुस्तकांतून उकलीत बसणे ओघानेच येते. आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो त्या उकलीचा वृत्तांत.

इंग्लंडात ज्यांचे बालपण १९६० आणि १९७० च्या दशकांत गेले, त्या पिढीला या स्वस्त तबकड्यांची मोठी ओढ आहे. लोक त्या हुडकून जमवितात, वेष्टनांवरील चित्रांविषयी हसतहसत बोलतात, कोणते गाणे अस्सलाच्या जवळ गेले आणि कोणते फसले याचे वाद घालतात. या ओढीची आम्ही थट्टा करणार नाही. ज्या घरात पुरी किंमत मोजून तबकडी आणणे परवडत नव्हते, त्या घरात हीच तबकडी वाढदिवसाला आली होती. गरिबाच्या घरातील आनंद नकली वस्तूने झाला म्हणून तो आनंद काही नकली होत नाही.

या धंद्याची मुळे जुनी आहेत. वुलवर्थचे दुकान इंग्लंडात १९०९ साली लिव्हरपूल येथे उघडले. तीन आणि सहा पेन्सांच्या आत सर्व काही, ही त्याची ख्याती. १९३५ साली त्या दुकानात सहा पेन्सांना 'क्राउन' नावाची नऊ इंची तबकडी मिळू लागली. पुढे १९५४ पासून 'एम्बसी' हे नाव आले. ओरिओल कंपनीने या तबकड्या काढाव्या आणि केवळ वुलवर्थने विकाव्या, असा करार होता. तबकडीच्या दोन्ही बाजूंना त्या महिन्यात गाजत असलेली दोन गाणी, दुसऱ्याच गायकांनी म्हटलेली. म्हणजे गिऱ्हाइकाला कमी पैशांत दोन लोकप्रिय गाणी मिळत. या गायकांना नावे होती, परंतु पुष्कळांची नावे खरी नव्हती. रे पिल्ग्रिम नावाचा गायक तेथे स्वतःच्या नावाने गाई, आणि बॉबी स्टीव्हन्स या नावानेही गाई. एक माणूस, दोन हजेरीपत्रके! ओरिओल कंपनी अमेरिकन सी.बी.एस.ने विकत घेतल्यावर १९६५ च्या आरंभी एम्बसी बंद पडली.

त्याच १९६५ साली ई.एम.आय. आणि पुस्तक-प्रकाशक पॉल हॅम्लिन यांनी मिळून 'म्युझिक फॉर प्लेझर' ही स्वस्त तबकड्यांची पेढी काढली. पुऱ्या किमतीची मोठी तबकडी तेव्हा तीस शिलिंगांच्या वर होती; हिची साडेबारा शिलिंगांना. १९६८ साली पिकविक कंपनीने आपल्या 'हॉलमार्क' या छापाखाली 'टॉप ऑफ द पॉप्स' ही मालिका सुरू केली. याच नावाचा बी.बी.सी.चा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९६४ पासून चालू होता. त्याचा या तबकड्यांशी काडीचा संबंध नव्हता. पण नाव नोंदवून ठेवलेले नसल्याने कोणास हरकत घेता आली नाही. दर सहा-सात आठवड्यांस नवा भाग निघे. १९८५ पर्यंत असे नव्वदांहून अधिक भाग निघाले.

सहा आठवडे हा आकडा आमच्या नजरेतून सुटला नाही, कारण कामाचा वेग हा आमचा विषय आहे. गाणे गाजले की ब्रूस बॅक्स्टरसारखा संयोजक ते ऐकून, कोणते वाद्य कोठे येते हे कानाने टिपून, त्याचे स्वरलेखन करी. मग वादकांस बोलावणे जाई. तिकडे ध्वनिमुद्रणाचे सत्र तीन तासांचे मानतात, आणि वादकाची बिदागी त्या सत्रावर ठरते. मूळ गायकाने आपल्या गाण्यावर आठवडेच्या आठवडे घालविलेले असोत. नक्कल करणाऱ्यास घड्याळाकडे पाहूनच ते उतरवावे लागे. एका दिवशी खर्जातला भरदार आवाज, दुसऱ्या दिवशी किनरा. एल्टन जॉन हे जगप्रसिद्ध होण्यापूर्वी, १९६९-७० च्या सुमारास, रेज ड्वाइट या मूळ नावाचे एक धडपडे तरुण होते आणि हेच काम करीत. रॉबिन गिब यांचा कापरा आवाज काही केल्या साधेना, तेव्हा आपण स्वतःचाच गळा हाताने धरून हलविला, असे त्यांनी २०१९ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. टीना चार्ल्स यांनीही अशा तबकड्यांवर गाऊन दिवस काढले. १९७६ साली त्यांचे स्वतःचे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. या दोघांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत, ती पुढे त्यांचे दैव उघडले म्हणून.

आता कोणी म्हणेल, ही तर चोरी झाली. तशी ती नव्हती. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्याने, एकदा एखाद्या गाण्याची तबकडी विक्रीस निघाली की, दुसऱ्या कोणासही सूचना देऊन आणि विक्री-किमतीच्या सव्वासहा टक्के मोबदला भरून ते गाणे आपल्या माणसांकडून गाऊन घेता येई. अमेरिकेत अशीच तरतूद १९०९ सालीच झाली होती, कारण आपोआप वाजणाऱ्या पियानोंच्या धंद्यात एकाच कंपनीची मक्तेदारी होईल अशी तेथील विधिमंडळास धास्ती होती. मक्तेदारी मोडण्याचा हा कायदा आम्हांस तर चांगलाच वाटतो. तबकडी स्वस्त झाली ती त्यामुळेच. गीतकारास त्याचा वाटा मिळे, छापणाऱ्यास नफा मिळे, दुकानदारास अडत मिळे. विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे या तिघांच्या पदरात काही पडे. ज्याच्या गळ्यातून ते गाणे निघाले त्यास मात्र एकदाच, त्या सत्राची बिदागी. तबकडी पाच हजार खपो की पाच लाख.

आणि नाव? नाव गाळण्यात विसरभोळेपणा नव्हता. गायकाचे नाव छापले तर हे मूळ गाणे नव्हे हे दुकानातच उघड होणार. नाव न छापल्याने खोटे बोलावे लागत नव्हते आणि खरेही सांगावे लागत नव्हते. येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की पुष्कळ कलावंतांची याबद्दल तक्रार नव्हती. हातात रोख पैसे पडत, आणि पुढे नाव कमवावयाचे असल्याने नकलेच्या कामावर आपली सही नसलेलीच बरी, असे त्यांना वाटे. एल्टन जॉन यांनी तर ते दिवस मजेचे म्हणूनच वर्णिले आहेत. संघटना बांधणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. तक्रार नसलेला कामगार आम्हांस रोज भेटतो.

एकदाच दिलेल्या मजुरीचा हा प्रश्न मात्र कोणीच लढविला नव्हता असे नाही. आणि ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. जेम्स पेट्रिलो हे अमेरिकन वादक-संघटनेचे अध्यक्ष. त्यांचे म्हणणे असे की, वादक तबकडीसाठी एकदा वाजवितो आणि तीच तबकडी रेडिओवर व उपाहारगृहांत हजार वेळा वाजून दुसऱ्या हजार वादकांचे काम खाते. यंत्र तयार करणारा कामगार आपल्याच हाताने आपली बेकारी घडवितो. १ ऑगस्ट १९४२ पासून त्यांनी तबकड्यांसाठी वाजविणे सर्व देशभर बंद पाडले. युद्धाचे दिवस, वर्तमानपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. कंपन्यांनी युक्ती लढविली. गायक या संघटनेत नव्हते, तेव्हा फ्रँक सिनात्रांसारख्यांस नुसत्या कोरसच्या साथीवर, एकही वाद्य न वापरता, गावयास लाविले. १९४३ च्या सप्टेंबरात डेका कंपनी नमली. १९४४ च्या ऑक्टोबरात खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संप मागे घेण्याची विनंती केली, तीही पेट्रिलोंनी मानली नाही. नोव्हेंबरात उरलेल्या दोन बड्या कंपन्या, आर.सी.ए. व्हिक्टर आणि कोलंबिया, तडजोडीस आल्या. ठरले असे की, विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे कंपनीने एक लहानशी रक्कम निधीत भरावी आणि तीतून बेकार वादकांस फुकट सार्वजनिक कार्यक्रमांसाठी मजुरी द्यावी. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने असा निधी संघटनेच्या हाती ठेवण्यास मनाई केली. तेव्हा १९४८ साली दुसरा संप झाला आणि वर्षअखेर तो निधी स्वतंत्र विश्वस्ताकडे गेला.

हे वाचून आम्ही पहिल्यांदा टाळ्या वाजविल्या. पुढचे पान वाचले तेव्हा हात थांबले. १९५६ साली लॉस एंजेलिसच्या मुद्रणशाळांत काम करणाऱ्या वादकांनी, सेसिल रीड यांच्या पुढारपणाखाली, पेट्रिलोंविरुद्धच बंड केले. त्यांचे गाऱ्हाणे रास्त होते : तबकडीवर वाजवितो आम्ही, आणि तिचा पैसा वाटला जातो ज्यांनी ती वाजविली नाही अशांस. १९५८ साली त्यांनी निराळी संघटना काढली. १९६१ साली समेट झाला, आणि पुढे १९६० च्या दशकात प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांसाठी वेगळा निधी निघाला. बेकाराचा हक्क मोठा की राबणाऱ्याचा, हा वाद आमच्या कार्यालयातही बदली कामगार आणि कायम कामगार यांच्यात होतो, आणि तेथे आमची बुद्धी दरवेळी सारखीच चालते असे नाही.

परत इंग्लंडकडे वळू. १९७१ च्या ऑगस्टपासून स्वस्त तबकड्यांना खपाच्या अधिकृत यादीत प्रवेश मिळाला, आणि काय चमत्कार! 'म्युझिक फॉर प्लेझर'चा 'हॉट हिट्स ६' पहिला आला. त्याच महिन्यात 'टॉप ऑफ द पॉप्स'चा अठरावा भाग, आणि नोव्हेंबरात विसावा. ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत अशी मंडळी देशातल्या नामवंतांच्या डोक्यावर जाऊन बसली. १९७२ च्या जानेवारीत स्वस्त तबकड्या यादीतून वगळण्यात आल्या. खप होता तेथेच राहिला. मोजणे तेवढे थांबले.

त्यांना खरा धक्का दुसरीकडून बसला. कॅनडातील विनिपेगचे फिलिप काइव्ह्ज यांच्या के-टेल कंपनीने निरनिराळ्या कंपन्यांकडून मूळ गाण्यांचेच परवाने घेऊन एका तबकडीवर वीस-वीस गाणी कोंबली आणि दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा केला. १९७२ साली तिची 'ट्वेंटी डायनॅमिक हिट्स' इंग्लंडच्या यादीत अग्रभागी होती. कोंबणे हा शब्द आम्ही जाणून वापरला. एका बाजूस सुमारे वीस मिनिटे हे तबकडीचे सुखाचे मान. त्यापुढे जावयाचे तर चर जवळजवळ कोरावे लागतात, आणि मग आवाज बारीक होतो, खर्ज पातळ होतो. त्यावर उपाय म्हणून गाणीही कापीत. तेव्हा अस्सल गायकाचे छाटलेले गाणे, की नकली गायकाचे अखंड गाणे, अशी ती निवड होती. लोकांनी अस्सल घेतले. १९८३ साली ई.एम.आय. आणि व्हर्जिन या बड्या कंपन्यांनीच एकत्र येऊन आपली मूळ गाणी संग्रहरूपाने काढण्यास आरंभ केला, आणि दोन वर्षांत हॉलमार्कची मालिका संपली. त्या गायकांना कोणी निरोप दिला असेल असे वाटत नाही. बोलावणे येणे बंद झाले, एवढेच.

आपल्याकडे हा खेळ कॅसेटच्या काळात झाला. १९५७ च्या आपल्या कायद्यातही मूळ ध्वनिमुद्रणास दोन वर्षे झाल्यावर मोबदला भरून तेच गाणे पुन्हा गाऊन घेण्याची मुभा होती. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने जुन्या चित्रपटगीतांच्या अशा आवृत्त्या स्वस्तात विकल्या, इतरांनीही काढल्या. एका बाबतीत हा मार्ग इंग्लंडहून उजवा निघाला : वेष्टनावर पुष्कळदा नव्या गायकाचे नाव आणि चित्र असे. कुमार सानू, सोनू निगम यांना लोकांनी ओळखले ते आधी किशोरकुमार आणि रफींच्या गाण्यांतून. सर्वच कॅसेटी मात्र अशा नव्हत्या. १९८२ चा गिरणी संप बुडाल्यानंतरच्या दिवसांत आमच्या चाळीतल्या तात्यांनी रस्त्यावरून रफींची म्हणून एक कॅसेट आणली. कोणाची ते आज आठवत नाही. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला ते म्हणाले, "अरे, हा रफी नव्हे." आम्ही पोरे हसलो. तात्या हसले नाहीत. उठून बंदही केली नाही. दुसरी बाजू संपल्यावर एवढेच विचारले, "मग हा पोरगा कोण?" वेष्टन उलटसुलट करून पाहिले. रफींचे चित्र होते.

२०१२ च्या दुरुस्तीने आता अशी आवृत्ती पाच वर्षांनंतरच काढता येते, मूळ गायकाचे नाव वा चित्र वेष्टनावर घालता येत नाही, आणि ही नवी आवृत्ती आहे असे स्पष्ट लिहावे लागते. शिवाय ध्वनिमुद्रिकेवर काय छापलेच पाहिजे याचे एक कलम १९८४ पासून आहे. तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता पाहिजे, हक्कदाराचे नाव व पत्ता पाहिजे, प्रथम प्रकाशनाचे वर्ष पाहिजे. गाणाऱ्याचे नाव त्या कलमात नाही. तो हक्क २०१२ साली ३८-ख या निराळ्या कलमाने दिला आहे : कलावंतास आपली ओळख सांगितली जावी असे म्हणता येईल, मात्र वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावे लागत असेल तर गोष्ट वेगळी. ही 'मात्र'नंतरची ओळ कोणाच्या सोयीने वाचली जाईल, हे वेतन-करार वाचून वाचून आम्हांस चांगले ठाऊक झाले आहे.

चोरबाजारातली ती तबकडी आम्ही घेतली. दुकानदाराने शंभर रुपये सांगितले, साठात दिली. वर सांगितले की वेष्टन चांगले आहे, भिंतीवर लावा. घरी एका मित्राच्या यंत्रावर लाविली. तिसऱ्या गाण्यात एका बाईचा आवाज वर चढताना किंचित फाटतो. तीन तासांच्या सत्रात पुन्हा म्हणून घेण्यास वेळ उरला नसावा. मूळ गाणे आम्ही नंतर मिळवून ऐकले. त्यात ती जागा अगदी सफाईदार आहे. आम्हांला आता ते गाणे त्या फाटलेल्या आवाजातच आठवते. ही बाई कोण, हे हुडकण्याचा उद्योग चालू आहे.