बालअत्याचार : कारण शोधायचे की नाही?

आमच्या लांज्यावरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढे मडगावला पोहोचतो. तिथे १९९१ साली फ्रेडी पीट्सला अटक झाली. अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवणारा हा माणूस परोपकारी म्हणून ओळखला जाई. पोलिसांना त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

अशा माणसाला आपण राक्षस म्हणतो आणि मोकळे होतो. राग योग्यच आहे. पण राक्षस म्हटले की पुढचे प्रश्नच संपतात. शिवाय आपण राक्षसाचा चेहरा शोधत बसतो आणि मुलांना खाऊ वाटणारा ‘काका’ नजरेतून निसटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने मुलांविषयीच्या लैंगिक ओढीला वैद्यकीय नाव दिले. पुढच्या संशोधनातून एक फरक स्पष्ट झाला. मुलांवर अत्याचार करणाऱ्या सगळ्यांनाच अशी ओढ नसते; अनेकांना फक्त हाताशी सापडलेले दुबळे मूल पुरते. उलट ओढ असलेले काहीजण आयुष्यभर कुणाला हात लावत नाहीत. उर्दूत ‘रुजहान’ म्हणजे मनाचा कल आणि ‘जुर्म’ म्हणजे गुन्हा. दोन्ही शब्द मी मुलांना वेगवेगळे शिकवतो. हा कल येतो कुठून? मेंदूची जडणघडण, स्वतःच्या बालपणी झालेला अत्याचार, दोन्हींचा अभ्यास झाला, एकच उत्तर मिळाले नाही. बराचसा अभ्यास झाला तोही तुरुंगातल्या कैद्यांवर. न पकडलेले आणि गुन्हा न केलेले त्यातून सुटलेच.

म्हणून बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २००५ साली वेगळी वाट धरली : गुन्हा घडण्याआधी या, नाव गुप्त राहील, उपचार मिळतील. त्यांच्याच सहकार्याने पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातही असा उपक्रम सुरू झाला.

इथे आपला पोक्सो कायदा, २०१२ आड येतो. कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. शिक्षक म्हणून हे कलम मला हवेच आहे. घरची अब्रू म्हणून प्रकरणे दडपणाऱ्या आपल्या समाजात तर हवेच हवे. मात्र ज्याने काहीच केलेले नाही आणि ज्याला स्वतःच्याच मनाची भीती वाटते, त्या विशीतल्या मुलाला डॉक्टरांसमोर तोंड उघडता यायला हवे. ‘शंका’ या शब्दाची मर्यादा कायद्यानेच नीट आखून द्यावी. तोवर असा मुलगा गप्प राहणार, आणि शेजारच्या घरातली मुले त्याच्या अंगणात खेळत राहणार.