उशाशी बसलेली बाई : उज्जैनच्या मराठी घरांतली बाळंतपणं



पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्या घरांत जवळजवळ कायदाच होता. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेरला दिलेल्या लेकी सातव्या महिन्यात उज्जैनला यायच्या. देवास गेटच्या बस स्टँडवर उतरायच्या, नाहीतर समोरच्या रेल्वे स्टेशनवर. टांगा ठरवताना भावाची घासाघीस कमी आणि "भैया, धीरे चलाना" हेच जास्त. घर सिंहपुरीत असो, कार्तिक चौकात असो की फ्रीगंजात, त्या टांग्यातून पोरीबरोबर तिची भीतीही माहेरी यायची. डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांकडे आहेत. भीतीबद्दल मात्र कोणी बोलायचं नाही. आज त्याबद्दलच लिहितो आहे. पुरुषानं या विषयावर लिहावं का, असं काही भगिनींना वाटेल. पण आई, आजी आणि दोन मावश्या यांच्याकडून जे ऐकलं ते माझ्यानंतर कोण लिहिणार?

आमच्या आयांची बाळंतपणं घरीच झाली. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात, १९४८ नंतर मध्य भारतात. घरातली सगळ्यात अंधारी खोली बाळंतिणीची. कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी, खिडकीला पोतं. मराठी घरात तिला सुईण म्हणत, शेजारच्या माळवी घरात दाई. बाई बोलावली ती एकच असायची बहुधा. कळा सुरू झाल्या की ती पोरीला निजू देत नसे. चालायला लावी, खांबाला किंवा वरून बांधलेल्या दोराला धरून उकिडवं बसवी, कोमट तेलानं कंबर रगडून काढी. दात आवळू नकोस, श्वास सोड, अजून जोर लावू नकोस, हे तिचं अखंड चालू. आजी घरातली सगळी कुलपं उघडायला लावी, पोरीचे केस मोकळे सोडी. काशाच्या थाळीत कुंकवानं चक्रव्यूह काढून तिच्यापुढे धरत. आत जाऊन बाहेर येण्याची वाट डोळ्यांनी शोधायची. लहानपणी आम्ही याला खुळचटपणा म्हणायचो. त्यानं मूल लवकर बाहेर येतं असं मी आजही म्हणणार नाही. पण कळ येते तेव्हा मन कुठेतरी गुंतवावं, हे त्यामागचं शहाणपण आता मला दिसतं.

पुरुषांना काम एकच, ओसरीवर घड्याळ धरून बसणं. उज्जैन पंचांगाचं गाव, जन्मवेळ मिनिटानं चुकली तर ज्योतिषी ऐकून घेणार नाही!

आता नावेची बाजू. आम्ही बँकवाले नुसती जमा लिहीत नाही. त्याच अंधाऱ्या खोलीत न उकळलेल्या पातीनं नाळ कापली जाई आणि मूल थोड्याच दिवसांत धनुर्वातानं जाई. बाळंतिणीला ताप भरे, रक्त थांबत नसे, मूल आडवं असलं तर सुईणीचा हात टेके. अशी गेलेली एक तरी बाई प्रत्येक कुळात आहे, वंशावळीत तिच्यापुढे नुसतं 'प्रथम पत्नी' असतं. आणि जिच्या हातावर आपण सगळे जन्मलो, ती सुईण बहुतेक वेळा मागच्या दारानं यायची. बिदागी म्हणून धान्य, लुगडं, आणि वर विटाळ. आम्ही पुण्यवान कुळं म्हणवतो, म्हणून हेही लिहून ठेवतो.

या दुःखातूनच आपल्याकडच्या पहिल्या डॉक्टर बाया निघाल्या. आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या स्वतः जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि प्रबंधाचा विषय निवडला प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. मला याचं फार अप्रूप वाटतं. अमेरिकेत बसून ही मुलगी आपल्याच जुन्या ग्रंथांत शोधत होती.

त्या ग्रंथांत काय आहे? आगर रोडवरचं आपलं सरकारी आई-मुलांचं हॉस्पिटल चरकाच्या नावाचं आहे. त्या चरकसंहितेतल्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय मी भाषांतरातून वाचला. (कॉमर्सच्या माणसाला संस्कृत कुठून येणार!) त्यात सूतिकागृहात बसणाऱ्या बायांची पात्रता दिली आहे : अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, न वैतागणाऱ्या. त्यांनी पोरीला धीर द्यावा, कोमट तेलानं कंबर, कुशी, पाठ, मांड्या हलक्या हातानं चोळाव्यात. कळ नसताना जोर लावू नकोस असं सांगावं, कारण तो जोर वाया जातो आणि अपायही करतो. एक मतभेदही नोंदला आहे. काही जण म्हणत, कळा मंद पडल्या तर तिला मुसळानं धान्य कांडायला लावा, जांभया द्यायला लावा, चालवा. आत्रेय म्हणतात, मुसळ नको, गर्भिणीला दांडगी मेहनत वर्ज्य आहे. जांभया आणि चालणं मात्र राहू द्या. आमची सुईण अक्षरशत्रू होती. तिनं चरकाचं नावही ऐकलं नसेल, पण ती करायची ते जवळजवळ हेच.

दुसऱ्या डॉक्टर रखमाबाई. १८९५ साली त्या सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या तेव्हा अडचण उलटी होती. बायकांना भीती कळांची नव्हे, दवाखान्याची. तिथे गेलं की माणूस परत येत नाही, असा समज. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण जनावर दवाखान्यात आणून त्याचं बाळंतपण केलं आणि बायकांना दाखवलं, अशी आठवण सांगतात. व्याख्यान देऊन जे झालं नसतं ते त्या एका प्रसंगानं झालं.

तिकडे विलायतेत वेगळा रस्ता चालू होता. १८४७ मध्ये एडिनबरोच्या सिम्पसननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. धर्ममार्तंड रागावले. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीनं तो घेतला आणि तोंडं बंद झाली. पुढे बाईला गुंगीत ठेवणं हीच रीत होऊन बसली. मग ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९३३ च्या पुस्तकात मांडलं की भीतीनं शरीर ताठरतं, ताठरल्यानं वेदना वाढते, वेदनेनं पुन्हा भीती. हे चक्र आधी माहिती देऊन आणि शरीर सैल सोडायला शिकवून तोडता येतं. १९५१ मध्ये फ्रान्सचा लामाझ रशियात जाऊन तिथली पद्धत पाहून आला आणि श्वासाचे वर्ग सुरू केले. आपल्याकडच्या शहरांत आज गर्भवतींना शिकवतात त्यातलं बरंच तिथून आलेलं आहे. डिक-रीडचं सगळं मला पटत नाही. भीती गेली की वेदनाही जवळपास जाते, हा त्याचा दावा माझ्या आईनं हसण्यावारी नेला असता. कळ खरीच असते. पण घाबरलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं आणि गर्भाशयाला चालना देणाऱ्या ऑक्सिटोसिनला ते मारक ठरतं, हे आता डॉक्टरही सांगतात. शिवाय कळ सलग नसते. साधारण मिनिटभराची लाट, मग उसंत. ही उसंत आहे हे जिला आधी कोणी सांगितलेलं असतं, ती पुढची लाट जास्त धीरानं घेते.

आमच्या पिढीत बाळंतपणं दवाखान्यात गेली. फार चांगलं झालं, त्यामुळे आया आणि मुलं वाचली. पण एक गोष्ट दाराबाहेर राहिली. १९७८ साली आमच्या घरातून पत्नीला एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. तिची आई बाकावर बाहेर, ही आत रात्रभर एकटी, वर ओरडा. अजून ती म्हणते, "कळा विसरले, दार बंद झाल्याचा आवाज विसरले नाही."

ते दार उघडायला २०१६ उजाडलं. त्या वर्षी केंद्राच्या आरोग्य खात्यानं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एका व्यक्तीला राहू द्यावं असं कळवलं. शक्यतो स्वतः कळा सोसलेली नातेवाईक बाई, आणि जिथे आडोसा असेल तिथे नवराही. अटी साध्या : संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबुड नको. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सोबतीची शिफारस केली. वेदनेसाठी मालीश, गरम शेक, श्वास, संगीत सुचवलं, आणि मागेल तिला एपिड्युरलही. चालणं, उभं राहणंही त्यांच्या यादीत आहे. सुईणीचा दोर तेवढा नाही!

मंडळी, ज्यांच्या घरात नात किंवा सून दिवसांत असेल त्यांनी डॉक्टरांना आत्ताच विचारावं, सोबत कोणाला आत घेता? कळा सुरू झाल्यावर विचारलं तर रात्रपाळीचा माणूस 'नाही'च म्हणतो. आणि सोबत बसणारीही आत्ताच ठरवा. चरकाची कसोटी लावा, न वैतागणारी. नात्यानं जवळची आहे म्हणून रडूबाई पाठवू नका. पोरीनं वेदनाशामक मागितलं, सिझेरियन लागलं, तर त्यात कमीपणा मानू नये. रक्त जायला लागलं, पाणी हिरवट गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेल चोळत घरी बसायचं नाही, गाडी काढायची.

चक्रव्यूहाची थाळी कोणाच्या माळ्यावर अजून असेल तर फोटो जरूर टाका. आणि तुमच्या घरच्या सुईणीचं नाव कोणाला आठवत असेल तर तेही लिहा. आमच्याकडे ते कोणालाच ठाऊक नाही, सगळे तिला नुसतं 'दाई' म्हणत.