कर की किंमत?

केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू याने १९२० साली ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात एक साधा विचार मांडला. धुराड्यातून निघणाऱ्या धुराने परिसराचे जे नुकसान होते ते कारखानदाराच्या हिशेबात कुठेच येत नाही. कराच्या वाटेने ते तेथे आणता येईल. हा विचार कार्बनला लागू व्हायला सत्तर वर्षे लागली. १९९० मध्ये फिनलंडने असा कर बसवला, १९९१ मध्ये स्वीडनने.

स्वीडनचा दर आरंभी टनाला सुमारे २५० क्रोना होता. आज तो हजाराच्या पुढे आहे. एवढा भार तिथे पचला, कारण त्याच वर्षीच्या करसुधारणेत उत्पन्नावरील कर बरेच उतरले होते. कारखान्यांना मात्र दीर्घकाळ सवलतीचा दर होता. स्वीडनचे गोडवे गाणारे हा तपशील सहसा गाळतात. युरोपीय संघाने २००५ मध्ये कराऐवजी परवान्यांचा बाजार मांडला. परवाने इतके मुबलक वाटले गेले की २००७ मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच शंभर युरोंवर गेला.

साहित्याच्या अभ्यासकाला खरी खिळवून ठेवते ती ऑस्ट्रेलियाची कथा, कारण तिथे भांडण आकड्यापेक्षा शब्दावरून झाले. आपल्या सरकारात कार्बन-कर येणार नाही, असे ज्युलिया गिलार्ड २०१० च्या निवडणुकीआधी म्हणाल्या होत्या. १ जुलै २०१२ पासून टनाला २३ डॉलरची ‘किंमत’ लागू झाली. काही वर्षांनी तिचे बाजारात रूपांतर व्हायचे होते, म्हणून ‘किंमत’ हा शब्द अगदीच लबाडीचा नव्हता. पण तिला ‘कर’ म्हणू देण्यास त्यांनी मान्यता दिली, आणि त्या एका शब्दाने वचनभंगाचा शिक्का बसला. टोनी अ‍ॅबट यांनी २०१३ ची निवडणूक जिंकली. जुलै २०१४ मध्ये कायदा रद्द झाला. गंमत अशी, की भरपाई म्हणून करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० वरून १८,२०० डॉलरवर नेली होती, ती तशीच राहिली!

कॅनडात तर परताव्याचे पैसे थेट कुटुंबांच्या हाती जात; तरीही एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरील आकार थांबला.

आपल्याकडे कोळशावर २०१० पासून टनामागे ५० रुपये उपकर होता. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. नाव ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’. आठपट वाढूनही तो प्रचारसभांत गाजल्याचे मला स्मरत नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा त्याची जागा राज्यांच्या भरपाईसाठीच्या उपकराने घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही संपला.