खाडा, पाळी आणि सुट्टी

दूधवाल्याचा हिशेब करताना गृहिणी सहज म्हणते, ‘या महिन्यात तीन खाडे झाले.’ ‘माझी रातपाळी आहे’, ‘उद्या सुट्टी आहे’ ही वाक्येही आपण अशीच बोलून जातो. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, अशी आपली समजूत असल्यामुळे या बोलण्याकडे कोणी पाहात नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे मात्र या शब्दांशी रोज झुंजत आलो आहोत, म्हणून त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्या असे वाटते.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढली कित्येक वर्षे प्रौढ कामगाराच्या दिवसाला कायद्याचे माप नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरताच होता. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या माणसाला सण ठाऊक होते, बाजाराचा वार ठाऊक होता; पण दर आठवड्याला हक्काने मिळणारी विश्रांती गिरणीत नव्हती. ती प्रथम मागितली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे ‘उद्या सुट्टी’ या दोन शब्दांमागे सहा-सात वर्षांची खटपट उभी आहे.

‘पाळी’ हा शब्द खेडुतांच्या ओळखीचा. पाटाच्या पाण्याची पाळी असते. आज तुझी, उद्या माझी. गिरणीत यंत्र थांबेना, माणसेच बदलू लागली, तेव्हा तोच शब्द कामी आला. पाळ्यांची ही रीत कामगाराच्या घरातही शिरली. एकाच खोलीत दाटीने राहणारे गडी पाळीपाळीने झोपत. एक उठून गिरणीत गेला की दुसरा त्याच जागी अंग टाकी. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. ती कायद्याने परत आणावी लागली: १९११ साली बारा तास, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा, १९४६ साली नऊ. एकेक तास कमी व्हायला दहा-बारा वर्षे लागली आणि त्या काळात संप झाले, उपासमार झाली, माणसे तुरुंगात गेली.

‘खाडा’ या शब्दाची गंमत निराळी. गिरणीच्या हजेरीत खाडा पडला की पगार कापला जाई. खाणावळीच्या वहीत खाडा पडला की न जेवलेल्या दिवसाचे पैसे वजा होत. एकच शब्द एका वहीत कामगाराच्या विरुद्ध, तर दुसऱ्या वहीत त्याच्या बाजूने! मात्र दोन्हीकडे दिवस मोजलेला असे. मोजलेल्या दिवसाबद्दलच भांडता येते.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरले. भोंगे गेले, शब्द मात्र राहिले. आज मोबाईलवरच्या हुकुमाने घरोघर जेवण पोचविणारा तरुण आम्हांला भेटतो. ‘तुझी पाळी केव्हा सुटते?’ असे विचारले की तो हसतो. त्याला पाळी नाही, म्हणून ती सुटतही नाही. खाडा नाही, कारण हजेरीच नाही. त्याला ‘भागीदार’ म्हणतात. हे नवे नाव ऐकायला गोड आहे, पण त्यात तास मोजण्याची सोय नाही. लोखंड्यांच्या काळीही मागणीचा आरंभ दिवस मोजण्यापासूनच झाला होता. या तरुणांशी बोलताना आम्ही प्रथम त्यांना एक वही करायला सांगतो: किती वाजता निघालास, किती वाजता परतलास, एवढेच लिहीत जा.