लहरींचा परवाना

महाप्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जुना राउटर ठेवायला मी माळ्यावरची फळी रिकामी केली, तेव्हा वडिलांचे रेडिओ-परवान्याचे पुस्तक हाती आले. दरवर्षी पोस्टात शुल्क भरून चिकटवलेली तिकिटे अजून शाबूत होती. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना असे यंत्र बाळगणे गुन्हा होता. वायफायचे पहिले मानक १९९७ साली आले, आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सवलत मिळाली जानेवारी २००५मध्ये. घरगुती जाळे सामान्यांच्या आवाक्यात आले, त्यात यंत्राच्या उतरलेल्या किमतीइतकाच या सवलतीचाही वाटा आहे. वडिलांना नुसते ऐकण्यासाठी परवाना लागला; माझा राउटर फळीवरून दिवसरात्र लहरी सोडतो, विनापरवाना आणि तरीही कायदेशीर.